गळकी पेटी आणि रेल्वेचं पाणी

दुष्काळात घरातली फिश टँक गळायला लागली, तर ती दुरुस्त करायची की मोडीत काढायची? माझी बायको सुनीता आणि धाकटा भाऊ बापू यांच्यात या प्रश्नावरून जी जुंपली, ती जमेल तशी उतरवून काढली आहे.

साल २०१६, महिना मे, गाव लातूर. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळ कधीच बंद झालेले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. मुळात तेल वाहणाऱ्या त्या वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन काढलेल्या होत्या. २०११ च्या जनगणनेत लातूर शहर तीन लाख ब्याऐंशी हजारांचं. पहिल्या गाडीचं पाणी सगळ्यांना सारखं वाटलं असतं, तर माणशी सव्वा लिटरच्या जरा वर आलं असतं. अशा गावात, आमच्या बैठकीत, काचेच्या पेटीत शंभर-सव्वाशे लिटर पाणी उभं होतं आणि त्यात मासे पोहत होते.

पेटी मुलाची. तो शिकायला पुण्याला गेला, मासे मागे राहिले. गोल्डफिशची जोडी आणि गप्पींचा गोतावळा. सुनीता शाळेत विज्ञान शिकवते. बापू औसा तालुक्यात शेती करतो. त्या वर्षी चारा-पाण्यावाचून त्याने एक बैल पडत्या भावात विकला होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तो बैल या बोलण्यात सारखा हजर होता. मी दोघांच्या मधे पडलो नाही. पडून उपयोग नसतो.

बापू : वहिनी, सकाळपासून ती फळी काय पुसायलाव?

सुनीता : टँक गळतेय, भाऊजी. स्टँडची फळी ओली होते.

बापू : गळत नसंल. आटत असंल. बेचाळीस डिग्रीत विहिरी आटायल्या, ही पेटी काय घेऊन बसलाव?

सुनीता : तेच बघायला ही काचेची बरणी ठेवलीय शेजारी. काल सकाळी दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर नेलपॉलिशची रेघ मारली. हवा तीच, पंखा तोच. आटलं असतं तर दोन्हीकडे साधारण सारखंच उतरलं असतं. बरणीचं पाणी रेघेपासून जेमतेम खाली आलंय, टँकचं बोटभर. म्हणजे बाकीचं कुठून तरी जातंय.

बापू : मग चांगलंच झालं की. निमित्त मिळालं. मासे कुणाला तर देऊन टाका, पाणी बादल्यांत घ्या, पेटी भंगारात. विषय संपला.

सुनीता : कुणाला देऊ? दुकानदार परत घ्यायला तयार नाही, गावातले सगळेच मासे घेऊन त्याच्या दारात उभे आहेत. आणि तळ्यात सोडा म्हणाल, तर तळं दाखवा.

बापूकडे याला उत्तर नव्हतं. पण उत्तर नसलं की तो मूळ मुद्द्यावर येतो, आणि त्याचा मूळ मुद्दा कच्चा नव्हता.

बापू : मासे मारा म्हणत नाही मी. पण माणसं घागरीसाठी रात्र रात्र जागायलीत. टँकर यायचा म्हणलं की बायका काम सोडून बसायल्यात. अन् तुमच्या बैठकीत बैल विकून आलेला माणूस बसला, की त्याला समोर काय दिसतंय? मासे पोहायलेत.

सुनीता : तुमचा राग बरोबर आहे. पण ते पाणी काचेतून दिसतं म्हणून टोचतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये नळाला पाणी होतं तोवर फ्लशच्या टाक्या वर्षानुवर्षं ठिबकत होत्या. ते कुणी मोजलं? जे भिंतीआड गळतं त्याचा कुणाला राग येत नाही.

बापू : टोचायलाच पाहिजे.

सुनीता : मग आणखी एक टोचणारं सांगू? उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटर पाणी धरलं, तरी एकरी ऐंशी लाख लिटर होतं. म्हणजे त्या पहिल्या गाडीसारख्या सोळा गाड्या. एका एकराला.

बापू : हे आलंच म्हणायचं. शहरातला माणूस दोन वाक्यांनंतर उसावर येतोच. आम्ही ऊस हौसेनं लावला काय? तूर न्या, सोयाबीन न्या, भाव व्यापाऱ्याच्या मर्जीवर. उसाचा पैसा उशिरा का होईना, येतोय तरी. तुमच्या माशाचा कोणता पैसा येतोय?

इथे दोघंही थोडा वेळ गप्प झाले. उसाचा विषय आमच्या घरात निघाला की असंच होतं. वडिलांच्या काळात तो आम्हीही लावला होता.

चहा झाल्यावर बोलणं पुन्हा पेटीवर आलं. या वेळी बापूने स्वतःच हात घातला. तो चिडला की हाताने काहीतरी करायला बघतो.

बापू : गळायलंय कुठून, ते तर दाखवा. इथं ओल हाय. बाहेरून एम-सील थापा, झालं.

सुनीता : ओल दिसते तिथे भोक असेलच असं नाही. पाणी कडेकडेने सरकत जातं आणि भलतीकडेच टपकतं. मी कडा कोरड्या पुसून चारी बाजूंनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या खोचल्या होत्या. समोरची ओल दिसत होती, पण आधी भिजली ती मागच्या डाव्या कोपऱ्यातली पट्टी. आणि बाहेरून लावलेलं टिकत नाही. आतलं पाणी त्याला काचेपासून ढकलतच राहतं. लेप आतून लागतो, म्हणजे पाण्याचा दाबच त्याला काचेवर दाबून धरतो.

बापू : बंधाऱ्याचं बी तसंच हाय. पाण्याच्या अंगानं दुरुस्ती केली तर टिकती, मागनं थापलेलं वाहून जातंय.

सुनीता : तेच. पण त्यासाठी पेटी रिकामी करून कोरडी ठणठणीत करावी लागेल.

बापू : म्हणजे सव्वाशे लिटर मोरीत.

सुनीता : एक थेंबसुद्धा नाही. धुण्याचा मोठा टब आहे, दोन बादल्या आहेत. नळीने ओढून जुनं पाणी त्यात, मासे त्याच पाण्यात, हवेची मोटर त्यातच. फिल्टरचा स्पंज आणि तळाची खडीसुद्धा त्याच पाण्यात बुडवून ठेवायची. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू असतात ते स्पंजात आणि खडीत. ते वाळले की मेले. मग टँक नव्याने लावल्यासारखीच, आणि तेव्हा मात्र पाणी खरंच सारखं बदलावं लागतं. उलट दुष्काळात जुनं पाणी सोन्यासारखं. नवं आणलं तर त्यातलं क्लोरीन उडायला दिवसभर उघडं ठेवावं लागतं, आणि बोअरचं आणलं तर त्याच्या क्षारांचं काय, ते कुणास ठाऊक.

मला विचाराल तर इथे सुनीताने निम्मी बाजी मारली होती. दुरुस्ती म्हणजे पाण्याची उधळण, हा बापूचा समज होता. खरं तर हे काम पूर्णपणे कोरडं आहे. जुनं सिलिकॉन ब्लेडने मुळापासून खरवडायचं, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धड धरत नाही. सगळ्या आतल्या कडांचं काढायचं, फक्त गळक्या कोपऱ्याचं नाही, नाहीतर जोडावर जोड येतो. मात्र दोन काचांच्या मधला मूळ सांधा असतो, त्यात ब्लेड घालायचं नाही. पेटी उभी असते ती त्याच्यावर. मग काच ॲसिटोनने पुसायची, सांध्याच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेप लावायची, गनने एका दमात सिलिकॉनची धार सोडायची, बोटाने दाबत फिरवायची आणि वर साय धरायच्या आत टेप ओढून काढायची. ॲसिटोन सुनीताने शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलं. बापूने ब्लेड हातात घेतलं. पाठ त्याची, गुडघे त्याचे, आणि तोंड अर्थातच चालू.

बापू : ही ट्यूब कोणती? बाथरूमला लावायची का?

सुनीता : नाही. बाथरूमवाल्यात बुरशी येऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं. ते माशांना विष. हे साधं, शंभर टक्के सिलिकॉन.

बापू : आंबट वास यायलाय.

सुनीता : ॲसिटिक ॲसिड. व्हिनेगरमध्ये असतं तेच. सुकताना ते बाहेर पडतं. पण सुकताना म्हणणं तितकंसं बरोबर नाही. हे सिलिकॉन वाळत नाही, ते हवेतलं बाष्प ओढून घट्ट होतं.

बापू : हवेतलं बाष्प? मे महिन्यात? लातुरात?

तो ब्लेड खाली ठेवून इतका हसला की शेजारच्या काकू दारात आल्या. हसण्यासारखंच होतं. गळती बुजवायला आणलेल्या लेपालासुद्धा पाणीच लागत होतं. एरवी असं सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटर आतपर्यंत पक्कं होतं. कोरड्या हवेत त्याचा वेग मंदावतो. वरची साय धरली म्हणून आत घट्ट झालं असं नाही. दोन दिवसांत पाणी भरलं तर तोच सांधा पुन्हा सुटायचा.

सुनीता : फरशी पुसल्यावरचं बादलीभर पाणी त्या खोलीत ठेवू, दार लावून. बाष्पच हवंय, ते गढूळ असलं तरी चालतं. आणि घाई करायची नाही. आठवडा जाऊ दे.

बापू : बरं, आठवडा गेला. मग? गळतंय का नाही बघायला परत भरणारच ना? ते पाणी कुठलं?

सुनीता : पिंपातलं. एक दिवस पिंपाऐवजी पेटीत राहील. मग संडासाला वापरू. पहिल्या पाण्याला आंबट वास राहतो, ते माशांना द्यायचंच नाही.

बापू : किती?

सुनीता : सोळा इंच भरायचं तर एकशे दहा लिटर.

बापू : पिंपात तेवढं हायच कुठं? टँकरचा नेम नाही.

हे मात्र खरं होतं. सुनीता गप्प बसली. आणि इथे, ज्याला ही पेटी भंगारात हवी होती त्यानेच तोड काढली. काटकसर अंगात मुरली की माणूस विरोध करता करताही वाचवायचं बघतो.

बापू : तुम्हाला सांधा तपासायचाय. सांध्याला काय कळतंय, मागं किती पाणी हाय ते? त्याला उंची कळती. कॅनॉल रुंद असो नाहीतर अरुंद, दाब खोलीवर.

सुनीता : हो. द्रवाचा दाब खोलीवर अवलंबून. मीच शिकवते ते नववीला.

बापू : मग पिण्याच्या पाण्याचे ते वीस लिटरचे जार हायत ना? बूच घट्ट लावून पेटीत उभे करा. आतलं पाणी पिण्याचं पिण्यालाच राहतंय, अन् भोवतीची फट भरली की उंची तयार.

सुनीता त्याच्याकडे बघतच राहिली. नववीचा धडा तिचा, आणि उत्तर बापूचं.

आठवड्याने पेटी भरायला घेतली. तीन जार बसतील असा हिशोब होता. पण वर काचेची आडवी पट्टी असते, ती मधे आली आणि दोनच बसले. आधी तळाला थोडं पाणी घातलं, मग जार सावकाश सोडले, म्हणजे वीस किलोचा धक्का तळाच्या काचेवर येत नाही. जारांच्या माना पाण्याबाहेर, भोवती पाणी सोळा इंच. एकशे दहाच्या जागी सत्तर लिटरच्या आसपास लागलं. बाकीचं दोन जारांनी आपल्या अंगाने भरून काढलं होतं. कडांखाली पुन्हा वर्तमानपत्राच्या पट्ट्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या कोरड्या.

इतकं झाल्यावर बापूचा विरोध मावळेल, असं मला वाटत होतं. तो वाढला.

बापू : वहिनी, गळती थांबली. आता माझं खरं बोलणं ऐका. गळकी होती तवा ती टाकून द्यायची वेळ होती. आता जोडली म्हणजे तुम्ही तिचं देणं कबूल केलंत. पेटी उघडी, वर पंखा. रोज किती उडतंय?

सुनीता : तीन फूट बाय एक फूट. उन्हाळ्यात रोज पाच ते दहा मिलिमीटर उडत असेल, म्हणजे दीड ते पावणेतीन लिटर.

बापू : म्हणजे त्या पहिल्या गाडीतला एक-दोन माणसांचा वाटा. रोजचा. बैलाला मी हेच सांगितलं असतं का, की थांब, तुझं पाणी मोजतो? त्याचं पाणी मोजलं, म्हणून तर तो बाजारात गेला.

माझ्या मते सगळ्या बोलण्यातला हा सगळ्यात भारी मुद्दा. गळती म्हणजे बिघाड, तो दुरुस्त होतो. आटणं हा बिघाड नाही. ती ठेवण्याचीच किंमत आहे, आणि ती रोज भरावी लागते. सुनीताने वाद घातला नाही. तिने वहीचं पान काढलं.

सुनीता : वर काच झाकू. हवेला एका बोटाची फट. आटणं निम्म्याच्या खाली येईल. आणि पाणी सोळा इंच नको, दहाच इंच. सत्तर लिटर. दहा इंचांवर लांब काचेवरचा ढकल तीस किलोच्या आत येतो, सोळा इंचांवर पंचाहत्तर होता. सांध्यालाही बरं.

बापू : दहा इंचात ते दोन सोनेरी मासे मावतील?

सुनीता : जेमतेम. खायला कमी घालू, म्हणजे घाण कमी. आणि बदलायला काढलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला. त्यात खतच असतं.

बापू : तुळशीला तसंबी घालताच की तुम्ही. तो तरी खर्च वाचला म्हणा.

सुनीता : आणि गप्पींचं ऐका. सगळ्या गल्लीत पिंपं भरलेली आहेत. आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. पण ज्याला टँकरची वाट बघत पाणी मिळतं, तो पिंप रिकामं कसं करेल? पाण्याची टंचाई झाली की लोक साठवतात, साठवलं की डास होतात. तेच आरोग्य खातं मग गप्पी मासे वाटतं. डासाच्या अळ्या खातात ते. शेजारच्या दोन घरांत मी सोडलेत, वापरायच्या पाण्याच्या पिंपात.

बापू : मग ते कामाचे हायत. कामाच्याला ना नाही माझी. पाणी पितोय अन् काम करतोय, बैलासारखा. ते दोन सोनेरी काय करतात?

सुनीता : काही नाही. दिसतात.

बापू : हां. एवढंच म्हणत होतो मी.

सुनीता : आणि मुलगा इथे नसताना घरात काहीतरी हलतं, भाऊजी.

बापूने यावर काही म्हटलं नाही. त्याने ब्लेडला चिकटलेलं सिलिकॉन निपटलं, ब्लेड कागदात गुंडाळून मला दिलं आणि हात धुवायला उठला. हात फरशी पुसलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवले, नळाकडे गेलासुद्धा नाही. नळ बंदच होता, पण सवय अशी एका उन्हाळ्यात जात नाही. माझा हात तर अजून नळाकडेच जायचा.

तो गावी गेला तेव्हा वाद मिटलेला नव्हता. नंतर एका संध्याकाळी त्याचा फोन आला, माझ्यासाठी नाही, वहिनीसाठी.

बापू : रानातल्या सिमेंटच्या टाकीत अळ्या वळवळायल्यात. ते गप्पी तिथं जगतील का? ऊन लई हाय.

सुनीता : टाकीवर सावली आहे का?

बापू : अर्ध्या भागावर हाय. कडुलिंबाची.

सुनीता : मग जगतील. पाणी मात्र अगदी तळाला जाऊ देऊ नका. दहा-बारा घेऊन जा, पुरे आहेत. पिल्लं लवकर होतात त्यांना. रविवारी या, बरणीत भरून ठेवते. आणि गोल्डफिशपैकी एखादा हवा असेल तर—

बापू : ते नको. ते तुमच्याकडंच राहू द्या.